थोरलीचं माफीचं पान

ताईंचा स्वेटर यंत्रखोलीच्या दारामागे खिळ्याला बाराही महिने टांगलेला असे. बाहेर उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालं असलं, तरी त्या खोलीत शिरणाऱ्याचे दात वाजत. कारण तिथला गारवा माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. स्वेटर मूळचा निळा. आता कोणी रंग विचारला असता तर 'धुतलेला' एवढंच सांगता आलं असतं. दोन्ही कोपरांवर ठिगळं होती, एक ताईंनी लावलेलं आणि एक यजमानांनी. यजमानांचं जास्त चांगलं आहे, हे ताई स्वतःच सांगून टाकत. आपलं शिवणकाम आणि आपला स्वयंपाक यांच्याबद्दल त्यांनी कधी भ्रम बाळगला नाही. गर्व होता तो एकाच गोष्टीचा. परीक्षा मंडळाची वेबसाइट त्यांच्या सबंध कारकिर्दीत एकदाच कोसळली होती, अगदी सुरुवातीला. त्यानंतर ती कधी बंद पडली नाही, आणि पडणार नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

परीक्षा मंडळ हे मोठं मजेशीर ऑफिस. वर्षभर तिथे काही घडत नाही आणि निकालाच्या दिवशी सगळं एकदम घडतं. निकाल लागला की मुलं, त्यांचे आईबाप, मावश्या, आत्या, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण 'किती पडले?' हे कळल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही असे शेजारी, सगळे एकाच क्षणी वेबसाइटचं दार ठोठावायला येतात. आत काम करणारे सर्व्हर चार. चौघांवर काम सारखं पडावं म्हणून दारातच एक यंत्र बसवलेलं होतं. त्याचं नाव लोड बॅलन्सर. आलेल्या प्रत्येकाला त्याने बघायचं, कोणता सर्व्हर मोकळा आहे ते पाहायचं, आणि 'तू तिकडे जा' म्हणून सांगायचं. एखाद्या सर्व्हरने मान टाकली तर त्याच्याकडे कोणाला धाडायचं नाही. स्वतः मात्र इकडची काडी तिकडे करायची नाही.

"म्हणजे ही घरातली थोरली जाऊ," मास्तर म्हणाले होते. "स्वतः पदर खोचायचा नाही, पण कोण किती राबतंय यावर डोळा हवा."

झालं. त्या दिवसापासून त्या यंत्राला थोरली हेच नाव पडलं, आणि मागच्या चार सर्व्हरना धाकट्या. खरेदीच्या कागदांवर त्यांचे लांबलचक इंग्रजी नंबर होते, पण ते कोणाच्या तोंडी कधी बसले नाहीत. ताईंचे यजमानसुद्धा संध्याकाळी चपला काढायच्या आत विचारत, "काय म्हणते थोरली?" मग बाहेर कोणी भेटलं की तक्रार करत, की मला सासवा दोन आहेत, एक घरी येऊनजाऊन असते आणि दुसरी हिच्या ऑफिसात कायमची बसलेली आहे.

मास्तर हे विभागाचे पहिले प्रमुख. मूळचे शाळेत गणित शिकवायचे. मंडळात कॉम्प्युटर आले तेव्हा वरच्यांनी चौकशी केली की इथे गणित कोणाला येतं. मास्तरांनी सवयीने हात वर केला, आणि त्या वर गेलेल्या हातात सगळा विभाग देण्यात आला. त्यांच्या खिशात शेवटपर्यंत खडू असे. यंत्रांच्या काळ्या कपाटांची दारं पाहून त्यांना फळा दिसल्याचा आनंद झाला होता. दारावर खडूने प्रत्येकीचा शेरा लिहिलेला असायचा. पहिली: नियमित. दुसरी: हुशार पण बडबडी. तिसरीला दमा आहे. चौथी: लक्ष दिल्यास प्रगती करील.

थोरली कशी वागते, कोणाकडे किती पाठवते, किती वेळ वाट बघते, कोणाला आजारी समजते, हा सगळा तिचा स्वभाव एका फाइलीत उतरवून ठेवता येत असे. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणायचं. यंत्र मोडलं तर नवं आणावं, ही फाइल त्याच्यात इम्पोर्ट करावी, की नवी थोरली जुन्या थोरलीसारखी वागू लागते. निदान यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात तसं म्हटलेलं होतं. मास्तरांनी नियम घालून दिला होता की दर शुक्रवारी घरी जाण्याआधी ती फाइल जपून ठेवायची. मास्तर निवृत्त झाले, पुढे वारले, पण शुक्रवार काही चुकला नाही. पावसाळ्यात बस बंद पडल्या तरी ताई थांबून फाइल काढत आणि मगच छत्री शोधत. घरात एकदा पाहुणे येऊन बसले होते आणि ताई नाहीत, तेव्हा यजमानांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "आज शुक्रवार ना, तिचं थोरलीचं असतं." पाहुण्यांना ते व्रत वाटलं.

इतक्या फाइली जपल्या, पण त्यांतली एकही कधी कुठे इम्पोर्ट करून पाहिली नव्हती. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि कोणालाच दिसलं नव्हतं. आपल्याकडे छत्री आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो. ती उघडते का, हे बघायला पाऊसच यावा लागतो.

पाऊस आला तो ताईंच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना. थोरली म्हातारी झाली होती. तिचा पंखा गळा खाकरल्यासारखा वाजायचा. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि तिला बनवणाऱ्या कंपनीने पत्र पाठवलं की आता आमचा तिच्याशी संबंध नाही; जन्मदात्यांनीच हात वर केल्यावर पुढे बोलायचं काय? नवं यंत्र आलं. त्याच कंपनीचं, अर्ध्या जाडीचं, आणि इतकं मुकं की चालू आहे की बंद हे हात लावून पाहावं लागे. रविवारी सकाळी जुन्यातून नव्यात बदल करायचा, आणि सोमवारी भंगारवाला जुनी थोरली घेऊन जाणार, असं ठरलं.

रविवारी ताईंच्या सोबत चिमणी होती. चिमणी म्हणजे विभागातली सगळ्यांत नवी इंजिनिअर, वयाने मात्र कोवळी नव्हे, दुसरीकडच्या नोकऱ्या करून आलेली. टेबलाच्या खणात दाणे ठेवून दिवसभर टिपत बसे, म्हणून ताईंनीच तिला हे नाव ठेवलं होतं. ताईंच्या निवृत्तीनंतर ती खुर्ची चिमणीची होणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर दोघींमध्ये कधी चकार शब्द झाला नव्हता.

फाइल नव्या यंत्रात घालण्याआधी ताईंनी ती एकदा पडद्यावर उघडली. आत आकड्यांच्या रांगा होत्या आणि मधूनमधून, यंत्र ज्यांच्याकडे लक्ष देत नाही अशा ओळींमध्ये, मास्तर होते. 'इथे बदल करण्याआधी चहा घ्यावा.' 'हे का केले ते आठवत नाही, पण काढल्यास रडते.' आणि एके ठिकाणी, 'तिसरीला दमा आहे, तिच्याकडे कमी पाठवणे.'

चिमणीला हसू आवरेना. कारण ती दम्याची तिसरी केव्हाच भंगारात गेली होती. तिच्या जागी आलेला सर्व्हर चौघांत धडधाकट होता, आणि जुना शेरा कोणी पुसला नाही म्हणून इतकी वर्षं आजाऱ्याइतकंच काम करून निवांत बसला होता.

"सांगितलं का नाही त्याने?" चिमणी म्हणाली.

"कोण सांगतं गं?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी इम्पोर्टचं बटण दाबलं.

नव्या यंत्राने फाइल घेतली, जराशी चावली, आणि थुंकून टाकली. पडद्यावर लाल ओळ उमटली. तिचा अर्थ सरळ होता. तुमच्या फाइलीत एका पानाचा उल्लेख आहे, ते पान इथे सापडत नाही, सबब मी काहीच घेणार नाही.

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली आणि फाइल वरपासून खालपर्यंत धुंडाळली. फाइलीत पानाचं फक्त नाव होतं, पान नव्हतं. हजेरीपटावर नाव आहे आणि मुलगा वर्गात नाही, तसलाच प्रकार. दर शुक्रवारी त्या हजेरीपट जपत आल्या होत्या.

ते पान म्हणजे माफीचं पान. चारही धाकट्यांनी एकदम मान टाकली तर दारात आलेल्या माणसाला थोरली हे पान दाखवणार. 'क्षमस्व' वगैरे मजकूर असतो, सगळ्यांचाच असतो. पण हे पान मास्तरांनी लिहिलेलं होतं, आणि ते कोणत्या दिवशी लिहिलं ते ताईंना काल घडल्यासारखं आठवत होतं.

तो त्यांचा तिथला पहिला निकाल. थोरली नवीकोरी, ताई त्याहून नवीन. तेव्हा त्यांना कोणी ताई म्हणत नसे, सगळे मॅडम म्हणत. निकाल लागला आणि दारात अशी झुंबड उडाली की चारही धाकट्या एकामागून एक आडव्या झाल्या. एकीला उठवावं तर दुसरी बसे. ताई स्वेटर न घालताच यंत्रखोलीत धावत होत्या आणि थंडीने की भीतीने थरथरत होत्या हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. मास्तर मात्र बाहेर आपल्या टेबलाशी बसून दोन बोटांनी काहीतरी टाइप करत होते. ताईंनी जाताजाता त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तेव्हा पहिली ओळ दिसली, 'मुलांनो, दारात फार गर्दी झाली आहे.' आग लागलेली असताना हे निबंध लिहीत बसलेत म्हणून त्यांना रागच आला.

आणि मग त्यांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. तो दिवसभर वाजत राहिला. प्रत्येक फोनवर एक मूल. कोणी रडवेलं, कोणी उगाच मोठ्या माणसाचा आवाज काढून बोलणारं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ताई आहेत का?" ताई कोण, हा नंबर कुठून मिळाला, हे विचारायला उसंत नव्हती. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "तिथे लिहिलंय," आणि तिथे म्हणजे कुठे हे सांगायच्या आत पुढचा फोन. मग त्याही मुकाट्याने म्हणायला लागल्या, की हो, ताई बोलतेय, निकाल कुठे जात नाही, थोडं थांब. एका मुलीने तर निकालाचं काही विचारलंच नाही. घरात आई नाहीये, तोवर बोला म्हणाली. तिच्याशी ताई मांजरांबद्दल बोलल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला, वेबसाइट उठली, आणि चहावाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणू लागले.

हा उद्योग कोणाचा, याबद्दल ताईंना तिळमात्र शंका नव्हती. खालच्या मजल्यावर टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यांना सगळे फोनबाई म्हणत. त्याच आठवड्यात खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघींची जुंपली होती. फोनबाईंनीच सगळे फोन माझ्या गळ्यात बांधले, वर मला परस्पर ताई करून टाकलं, असं ताईंनी धरून ठेवलं. फोनबाईंनी हात जोडून सांगितलं की माझ्याकडून एकही फोन वर गेला नाही. ताईंनी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. मास्तरांकडे तक्रार नेली तेव्हा मास्तर छताकडे बघत म्हणाले, "चौकशी लावू." ती चौकशी त्यांनी शेवटपर्यंत लावली नाही. फोनबाई निवृत्त होऊन गेल्या त्या दिवशी ताईंनी त्यांना फूल दिलं, पण ते टेबलावर ठेवून, हातात नाही.

त्या पानाचं पुढे काय लिहिलंत, असं ताईंनी मास्तरांना एकदा विचारलं होतं. "दाखवतो की," मास्तर म्हणाले, "पडू दे पुन्हा वेबसाइट." ताईंनी ती पुन्हा पडू दिली नाही. तेवढ्यामुळे मास्तरांचं ते पान त्यांना कधी पाहायलाच मिळालं नाही.

"मी पाहिलंय ते पान," चिमणी अचानक म्हणाली.

ताई वळल्या. चिमणी त्या वर्षीच परीक्षेला बसली होती. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. एका नेट कॅफेत ती उभी होती, कॉम्प्युटर एक आणि पुढे डोकीच डोकी, त्यामुळे तिला फक्त वरच्या ओळी दिसल्या. त्यांत एक वाक्य होतं, 'चूक आमची आहे, तुमची नाही.'

"घरी सगळे माझीच चूक म्हणत होते," चिमणी म्हणाली. "अजून निकाल पाहिलाही नव्हता."

एवढं बोलून तिने एक दाणा तोंडात टाकला आणि पडद्याकडे पाहू लागली.

अडचण सांगायला त्यांनी नव्या साहेबांना फोन लावला. साहेब वयाने ताईंपेक्षा बरेच लहान आणि माणूस सज्जन. रविवारचा फोन पहिल्या घंटेला उचलतात यावरून माणसाची परीक्षा होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोणीही शहाणा माणूस जो सुचवील तोच उपाय सुचवला. फाइलीतली ती एक ओळ काढून टाका. कंपनीचं आयतं पान येईल, 'सेवा उपलब्ध नाही', आणि ते बघायची वेळ तरी कोणावर येणार आहे? तुमच्या राज्यात वेबसाइट पडलीय का कधी?

साहेबांचं काही चुकलं नव्हतं, आणि तो पहिला निकाल सोडला तर त्यांनी केलेलं कौतुकही खरं होतं. ताईंनी ती ओळ पुसायला बोट नेलंसुद्धा. मग त्यांनी आधी ते पान आठवून लिहायचा प्रयत्न करून पाहिला. 'मुलांनो, दारात फार गर्दी झाली आहे', इथपर्यंत ठीक जमलं. पुढे पाणी प्या असं काहीतरी होतं हे त्यांनी फोनवरच्या मुलांकडून ऐकलं होतं. पण त्यांच्या हातून जे उतरलं ते परिपत्रक झालं, 'विद्यार्थ्यांनी पाणी प्राशन करावे' अशा थाटाचं. मास्तर त्यात कुठेच नव्हते. जुन्या यंत्रातून पान काढून घ्यावं, तर त्यात पान चढवायची सोय होती, उतरवायची नव्हती. मास्तरांचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. आणि उद्या थोरलीही जाणार.

ते पान पाहायचा एकच रस्ता उरला होता, आणि तो दोघींनाही दिसत होता. चिमणीने तो बोलून दाखवला नाही. एखाद्या आईला, तुमचं मूल जरा आजारी पाडा म्हणून सांगावं, तसं ते होतं.

ताईंनी पुन्हा साहेबांना फोन लावला. "साहेब, मला वेबसाइट बंद पाडायची परवानगी पाहिजे."

मग साहेबांनी विचारलं, "किती वेळ?"

"पान वाचून होईपर्यंत."

"कारण काय नोंदवू?"

"जुन्या यंत्रातून माहिती काढायची आहे, असं नोंदवा."

"कोणती माहिती, ताई?"

"मास्तरांची," ताई म्हणाल्या.

साहेबांनी मास्तरांना पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनीही याच मंडळाची परीक्षा दिली होती, आणि ते म्हणाले की रविवारच आहे, निकालही नाही, करा. फक्त वाचून झाल्यावर मलाही पाठवा.

थोरलीच्या पडद्यावर चार हिरवे दिवे होते. धाकटीच्या नावापुढे 'बाहेर' असं निवडलं की दिवा लाल व्हायचा. पहिली बाहेर, दुसरी बाहेर. तिसरी, ती धडधाकट, दम्याच्या नावावर जगलेली, तीही गेली. सगळा भार एकट्या चौथीवर आला आणि थोरलीचा पंखा मोठ्याने खाकरू लागला. ताईंचं बोट तिथे अडलं. इतकी वर्षं हाच चौथा दिवा विझू नये म्हणून त्यांनी सणवार पाहिला नव्हता, की दुखणंखुपणं. यजमानांच्या बहिणीच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि ताई एकट्या मोबाइलकडे.

"मी दाबू का?" चिमणीने हळूच विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "पाडायची तर माझ्याच हाताने पाडते." आणि त्यांनी दाबलं.

बाहेरच्या टेबलावर चिमणीने वेबसाइट उघडून ठेवली होती. तिने ती पुन्हा उघडली. काही क्षण पडदा पांढरा राहिला, आणि मग थोरलीने इतकी वर्षं पोटाशी धरून ठेवलेलं पान समोर ठेवलं. सजावट नाही, चित्र नाही, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मास्तरांनी फळाच केला होता. चिमणी मोठ्याने वाचू लागली.

'मुलांनो, दारात फार गर्दी झाली आहे, म्हणून दार जरा लोटून घेतले आहे. चूक आमची आहे, तुमची नाही.

तुमचा निकाल तयार आहे आणि कपाटात नीट ठेवलेला आहे. तो आता कमी होणार नाही आणि वाढणारही नाही. तेव्हा घाई करून उपयोग नाही.

तोवर पाणी प्या. घरात मोठी माणसे असतील तर त्यांनाही द्या, त्यांना जास्त गरज असते.

अगदीच राहवले नाही तर खालच्या नंबरावर फोन करा. तिथे एक ताई बसतात. त्या रागवत नाहीत.'

खाली नंबर होता. चिमणीने तो वाचला नाही. तिने मान वळवून ताईंच्या टेबलावरच्या जुन्या फोनकडे पाहिलं. त्या फोनवर हल्ली फक्त चुकीचे नंबर लागत आणि त्याचा मुख्य उपयोग वाऱ्याने कागद उडू नयेत एवढाच उरला होता. रिसीव्हरच्या खाली चिकटवलेली नंबराची पट्टी पिवळी पडली होती, पण वाचता येत होती, आणि नंबर तोच होता.

ताई खुर्चीत बसल्या. छताकडे बघून "चौकशी लावू" म्हणणारे मास्तर त्यांना आत्ता नीट दिसले. हसू दाबताना त्यांची हनुवटी हलायची, आणि ती त्या दिवशीही हलत होती. त्या दिवशी त्या थरथरत यंत्रखोलीत धावत असताना, सगळ्यांवर खेकसत असताना, या माणसाने शांतपणे लिहून टाकलं होतं की त्या रागवत नाहीत. आणि तसं जगजाहीर केल्यावर त्यांना रागवायला वावच राहिला नव्हता, ना त्या दिवशी, ना नंतर. शेरा आधी लिहायचा आणि मग मुलाला तसं व्हायला लावायचं, ही मास्तरांची जुनी शाळेतली खोड.

"म्हणजे फोनबाईंनी नाही..." ताई म्हणाल्या आणि थांबल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आता त्यांच्याकडे जायला हवं. खिडकीचं मी काही बोलणार नाही, पण फुलं नेईन." आणि थोड्या वेळाने, "हातात देईन."

चिमणीने पान दोनदोन ठिकाणी जपून ठेवलं. ताईंनी धाकट्यांना एकेक करून आत घेतलं, चारही दिवे हिरवे झाले, आणि थोरलीचा पंखा शेवटचं काम उरकल्यासारखा सावकाश फिरू लागला. आता पान नव्या यंत्रात चढवायचं आणि फाइल पुन्हा इम्पोर्ट करायची, एवढंच बाकी होतं. चढवण्याआधी चिमणीचा हात त्या शेवटच्या ओळीपाशी थांबला.

"ताई, हा नंबर ठेवायचा? तुम्ही तर आता..."

"ठेव. माझ्यानंतर ही खुर्ची तुझीच आहे." तो विषय अखेर दोघींमध्ये निघाला, तो असा. "तुला राग येतो का गं?"

"येतो," चिमणी म्हणाली. "पुष्कळ येतो."

"मलाही यायचा. होते सवय."

चिमणीने ओळ तशीच ठेवली, पान चढवलं आणि बटण दाबलं. या खेपेला नव्या यंत्राने फाइल सगळी आत घेतली, मास्तरांच्या चहासकट आणि तिसरीच्या दम्यासकट. तो शेरा तेवढा पुसायचा का, असं चिमणी विचारणार होती, इतक्यात कागदांवर ठेवलेला फोन वाजला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. वेबसाइट बंद होती त्या थोड्या वेळात कोणीतरी दारात येऊन ते पान वाचून गेलं होतं. रविवारी, निकाल नाही, काही नाही, तरीही. फोन पुन्हा वाजला. ताईंनी खालचे कागद सरळ केले आणि रिसीव्हर उचलला.

पलीकडे आवाज कोवळा होता आणि धीर गोळा करून आणलेला. फेरपरीक्षेच्या फॉर्मचं काहीतरी होतं, आज शेवटची तारीख, आणि वेबसाइट उघडलीच नाही. पण त्याआधी त्याने विचारलं, "तिथे ताई आहेत का? रागवत नाहीत, त्या?"

"आहे ना," ताई म्हणाल्या. "ताईच बोलतेय. फॉर्म भरू आपण, आता उघडेल. तू आधी पाणी प्यायलास का?"